कुठल्या पानावर?

गेल्या महिन्यात गंगाखेडला आप्पांच्या तेराव्याला जाऊन आले. बुंदी, पोळी, वांग्याची भाजी आणि तोंडी लावायला आप्पांचं कौतुक. माझ्या शेजारी बसलेले एक निवृत्त मुख्याध्यापक बुंदीचा घास तोंडात ठेवून म्हणाले, "असा माणूस आता व्हायचा न्हाई. पोरीबाळींची लय कदर होती त्यांना." समोरच्या पंगतीतल्या दोघांनी माना डोलावल्या. मी वरणात भात कालवत राहिले. कालवून कालवून त्याची पेज झाली, पण तोंड काही उघडलं नाही. माझं हे जुनं दुखणं आहे. जिथं बोलायचं तिथं नेमकी वाचा बसते.

आप्पा माझे कोणी नव्हते. घरमालक होते. मी पालमची. गंगाखेडच्या एका शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली आणि रोज एसटीनं जाऊन येऊन कंबर मोडायला लागली, तेव्हा खोली शोधत त्यांच्या दारात गेले. बसस्टँडच्या मागं त्यांचं ड्रेपरीचं दुकान होतं. शाळांच्या गॅदरिंगला लागणारे कपडे भाड्यानं द्यायचं दुकान. मावळ्यांचे अंगरखे, कोळ्यांच्या टोप्या, पऱ्यांचे पंख, एक वाघ, दीड अस्वल. दीड म्हणजे दुसऱ्या अस्वलाचं मुंडकं उंदरांनी खाल्लं होतं. सगळीकडं डांबरगोळ्यांचा वास.

मला वाटलं, भाडं आणि पाण्याची वेळ यावर बोलणं होईल. आप्पांनी विचारलं, "वडील हायत का?"

"आहेत."

"ही नोकरी धरायची का न्हाई, हे तुमाला इचारलं का त्यांनी?"

म्हाताऱ्याला नसत्या चौकशा, असं मनात आलं. तरी म्हटलं, "विचारलं. म्हणाले, जमेल का तुला, का घरी राहायचंय."

"आन तुमचं उत्तर येईस्तोवर थांबले का?"

"दोन दिवस थांबले."

"मग वरची खिडकीची खोली घ्या," म्हणाले, आणि किल्ली काढून दिली.

ही परीक्षा होती आणि मी पास झाले होते, हे मला पुढं डिसेंबरात कळलं. कळल्यावर मी हुरळून गेले, हेही सांगून टाकते. तेवीस-चोवीस वर्षांची होते. कुणीतरी आपल्याला राजकन्यांत धरलंय म्हटल्यावर कोण हुरळणार नाही.

आप्पांकडं एक मुकुट होता. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात एका फिरत्या नाटक मंडळीत शिंपी होते. त्यांनी हैदराबादच्या एका कारागिराकडनं तो करून घेतला होता. पितळेचा, आतून मखमल, वर लाल-हिरवे काचेचे खडे. बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला. राजाचे मुकुट दुकानात पाच-सहा होते, पुठ्ठ्याचे, चमकीचे. ते कुणीही न्यावेत. हा एकच राजकन्येचा, आणि तो मागून मिळत नव्हता.

गॅदरिंगचे दिवस आले की तालुक्याभरातून गुरुजी आणि बाई यायच्या. "आप्पा, राजकन्येचा ड्रेस द्या." आप्पा गळ्यातली मापाची टेप एका हातानं ओढत म्हणायचे, "नाटक आणलंय का?" नाटक नसलं तर परत जा. असलं तर बसा. मग आतून मला हाक. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डोळ्याला कुणाचा हात लावून घेणार नाही म्हणून ऑपरेशन करत नव्हते. सुईत दोरा बोटांच्या सवयीवर ओवायचे, पण हाताचं लिहिलेलं वाचता येत नव्हतं. म्हणून वाचायला मी.

ऐकून झालं की त्यांचे प्रश्न ठरलेले. "बाप हाय का? आन तिला इचारतो का?" समोरचा माणूस "हो, तसं म्हणजे..." असं करायला लागला की आप्पा म्हणायचे, "कुठल्या पानावर?" आणि तोंड माझ्याकडं वळवायचे. ते धुरकट डोळे माझ्या कपाळाच्या आसपास कुठंतरी येऊन थांबायचे. मी वही चाळायची. असलं तर "पान सहा, आप्पा" म्हणायचं. नसलं तर "कुठंच न्हाई, आप्पा." बहुतेक वेळा कुठंच नसायचं.

महाल, दासी, रूप, गोरा रंग, कशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एका गुरुजींनी पर्यावरणाचं नाटक आणलं होतं. त्यात धरतीकन्या नावाच्या राजकन्येला प्रदूषणासुर पळवून नेतो आणि शेवटी सगळी पोरं झाडं लावतात. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पळवताना इचारलं न्हाई, सोडवताना इचारलं न्हाई. गुरुजी, तुमी असं करा, हिला परीचे पंख न्या. उडून तरी जाईल."

आणि पालमच्या बाजूचे एक मुख्याध्यापक. तेच ते, तेराव्याला माझ्या शेजारी बुंदी खात होते ते. त्यांच्या नाटकातला राजा दवंडी पिटवतो, जो कोणी राक्षसाला मारील त्याला अर्धं राज्य आणि राजकन्या. आप्पांनी मला तिथंच थांबवलं.

"ही राजकन्या न्हाई, सर. ही शील्ड हाय. कबड्डीच्या सामन्यात टेबलावर मांडून ठेवत्यात तसली."

"अहो, राजाची मुलगी आहे ती. सख्खी."

"असंल. शील्डबी कंपनीची सख्खीच असती."

मागं शिवणयंत्रावर बसलेली शुभांगी फिसकन हसली. ती आप्पांची लेक, एकुलती. आई लहानपणीच गेलेली. मुख्याध्यापक चिडले, पण हट्टाला पेटले. बाकावर बसून त्यांनी वहीत एक वाक्य घुसडलं. राजा म्हणतो, बाळ, तुझी काय इच्छा आहे? आप्पा म्हणाले, "आन ती काय म्हणती?"

"ती म्हणते, आपली आज्ञा, महाराज."

"मग ते इचारणं झालं न्हाई. ते सांगणं झालं. तिला न्हाई म्हणायला जागा कुठाय?"

जागा काही निघाली नाही. साहेब दासीचा ड्रेस घेऊन गेले आणि त्यांच्या राजकन्येनं डोक्याला पुठ्ठ्याची पट्टी बांधून काम भागवलं. बाजारात ही गोष्ट वर्षभर चालली. लोक हसायचे, पण हसण्यात मान असायचा.

उलटही झालं एकदा. पेडगावाकडच्या एका शाळेच्या बाई परकर-पोलकं न्यायला आल्या होत्या. मुकुटाचं नाव नाही. सालगड्याच्या मुलीची गोष्ट होती. आप्पांना नाद, त्यांनी तेही नाटक वाचायला लावलं. चौथ्या पानावर बाप तिला विचारतो, तुला शाळेत जायचंय का माझ्यासंगं शेतात यायचंय? आणि पुढं कंसात लिहिलं होतं, बाप वाट बघत उभा राहतो. मी तो कंस वाचला आणि आप्पा उठून आत गेले. डबा घेऊन आले. त्या बाई गडबडल्या. "आप्पा, आमच्यात राजा न्हाई ओ. हा मुकुट कुठं घालू?"

"घालू नका. पिशवीत राहू द्या. पण संगं न्या. ती राजकन्या हाय."

मी तिथं पायरीवर बसून रडले होते. खोटं कशाला सांगू. मला वाटलं होतं, ह्या गावात आपण एका थोर माणसाच्या घरात राहतो. शुभांगी मात्र रडली नव्हती. यंत्राचं चाक हातानं धरून ती आप्पांच्या पाठीकडं नुसती बघत होती. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. बारावी सायन्स करून घरी बसलेली. घरी बसलेली हे आपलं म्हणायचं, दुकान सगळं तीच शिवत होती. वाघाचं पोट, मावळ्याची गुंडी, परीच्या पंखाची तार. तिला नर्स व्हायचं होतं. तिची आई दवाखान्यात असताना एका नर्सनं हिला रोज जेवू घातलं होतं, केस विंचरले होते. तेव्हापासून डोक्यात तेच. माझ्या तिथल्या पाचव्या वर्षी तिनं फॉर्म स्वतः भरला, आणि दसरा झाल्यावर कागद आला. नांदेडला नर्सिंगला नंबर लागला होता. पंधरा दिवसांत जाऊन हजर व्हायचं होतं.

कागद तिनं आधी मला दाखवला. जिन्यात उभी राहून म्हणाली, "बाई, तुमी आप्पाला सांगता का? तुमचं ऐकतेत ते."

"तूच सांग की. तुझे वडील आहेत. असल्या बाबतीत नाही म्हणायचे नाहीत ते."

"कागद ठिवला त्यांच्या म्होरं. हातात घेतला, बोटांनी चाचपला, आन घडी करून दिला. काईच बोलले न्हाईत."

"बघते," मी म्हणाले.

हा "बघते" शब्द कुणी काढला कोण जाणे, त्याच्याइतकं निर्लज्ज काही नसेल. सहामाहीचे पेपर तपासायचे होते. मग दोन दिवस पालमला जाऊन आले. मग म्हटलं, घरचा मामला आहे, भाडेकरूनं किती शिरावं. आणि खरं सांगायचं तर मला त्या खिडकीची सवय झाली होती. आप्पांच्या मर्जीतून उतरायचं नव्हतं. आठ दिवस असेच गेले.

नवव्या दिवशी संध्याकाळी आप्पांनीच हाक मारली. पुढ्यात कोरा फुलस्केप ठेवला. "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. शुभीचं परिचयपत्र लिवायचंय. एक स्थळ आलंय."

गावातलंच स्थळ होतं. मंडप, स्टेज, स्पीकर असा मुलाचा धंदा. आप्पा समजावून सांगायला लागले. "माझे डोळे गेले. म्या गेल्यावर दुकान कोण बघंल? त्यांचा मंडप, आपली ड्रेपरी, दुकानाला दुकान लागंल. निम्मं दुकान आत्ताच पोराच्या नावावर करतो म्हणलोय. पोरगी नजरेसमोर राहील."

निम्मं दुकान आणि पोरगी. माझ्या कानात दवंडी वाजली. शपथेवर सांगते, वाजली. मी म्हणाले, "आप्पा, तिचा नर्सिंगला नंबर लागलाय ना?"

"व्हय की. हुशार हाय पोरगी. तेबी लिवा त्यात. नर्सिंगला नंबर लागला होता म्हणून. स्थळाला चांगलं दिसंल."

"पण तिला..."

"ती काय माझ्या शब्दाबाहेर हाय का, बाई?"

ज्या माणसानं "आपली आज्ञा, महाराज" ह्या एका वाक्यावरून मुख्याध्यापकाला दासीचा ड्रेस देऊन परत पाठवलं, तो माणूस हे बोलत होता. आणि त्याला ते जाणवतही नव्हतं. तोंडावर कसली लबाडी नव्हती, उलट लेकीची काळजीच होती. मला आजपर्यंत ह्याचाच राग येतो. लबाड असते तर बरं झालं असतं. गोष्टीतल्या पोरीसाठी ते गावाशी भांडले, आणि घरातली पोर त्यांना गोष्टीतली वाटलीच नाही. ती घरची होती. घरच्याला कोण विचारतं.

आणि हे सगळं कळून मी काय केलं? पेनचं टोपण काढलं.

नाव, जन्मवेळ, उंची, रक्तगट. शिक्षण बारावी सायन्स, नर्सिंगसाठी निवड. स्वभाव शांत, मनमिळाऊ. शिवणकामाची आवड. ठळक, गोल अक्षरात लिहिलं. आत यंत्र चालू होतं. सगळ्यात खाली परिचयपत्रात एक रकाना असतो, अपेक्षा. मुलीला कसा नवरा हवा, तिचं काय म्हणणं, ते तिथं लिहायचं असतं. मी तिथं थांबले.

"अपेक्षा काय लिहू, आप्पा?"

आतलं यंत्र थांबलं. मला स्पष्ट आठवतं, थांबलं. दाराला पडदा होता. पडद्याच्या पलीकडं शुभांगी, अलीकडं मी. मी फक्त मान वळवून तिला हाक मारायची होती. एक हाक.

"लिवा," आप्पा म्हणाले, "निर्व्यसनी. सोताचा धंदा असलेला. गावातलाच."

मी लिहिलं. थोड्या वेळानं यंत्र पुन्हा सुरू झालं.

हजर व्हायची तारीख साखरपुड्याच्या धावपळीत निघून गेली. शुभांगीनं मला पुन्हा काही विचारलं नाही. जिन्यात भेटली की बाजूला होऊन वाट द्यायची. मी एकदा म्हणाले, "अगं, लग्नानंतरही शिकता येतं." ती म्हणाली, "व्हय बाई," आणि पंखाची तार वाकवत बसली.

लग्न मार्गशीर्षात झालं, परभणी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. स्टेज नवरदेवाच्याच घरचं, मग काय विचारता. थर्माकोलची कमान, धूर सोडायचं यंत्र आणि मधोमध माणसाच्या दुप्पट उंचीची सोनेरी पाठीची खुर्ची. ह्या सजावटीला ते प्रिन्सेस सेट म्हणायचे. नवरीनं पालखीसारख्या गाडीत बसून धुरातून यायचं, मागं स्पीकर. नवरदेवाची बहीण खोलीत येऊन सांगून गेली, "वहिनी, सेटमधला क्राउन घालायचाय बरं का, फोटोला चांगला येतो."

खोलीत आम्ही तिघी होतो. शुभांगी, पार्लरची मुलगी आणि मी. तेवढ्यात आप्पा आले. नवा पांढरा शर्ट, त्यावर गळ्यात टेप तशीच. काखेत बिस्किटाचा डबा.

"प्लॅष्टिकचं काई घालू नको, शुभे," ते म्हणाले. "म्या आणलाय आपला." त्यांनी धोतराचा तुकडा उलगडला. खरंच आनंदात होते ते. "म्या कुणाकुणाला न्हाई म्हणलं ह्याच्यापायी. तुझ्यासाठीच ठिवलेला समज."

शुभांगीनं डोकं पुढं केलं नाही. म्हणाली, "आप्पा, आधी इचारा की."

"काय इचारू?"

"समद्यांना इचारता ते."

आप्पा हसले. त्यांना ती लाडात आलीय असं वाटलं. "बरं, तू इचार."

"बाप हाय का?"

"हाय, हाय. हा काय म्होरं हुबा."

"आन तिला इचारतो का?"

आप्पांचं हसू तसंच राहिलं, एक हात गळ्यातल्या टेपकडं गेला.

"कुठल्या पानावर, आप्पा?"

आवाज चढला नव्हता. यंत्रावरून कात्री मागायची, त्याच आवाजात. पार्लरच्या मुलीला काही कळलं नाही, ती पिना मोजत होती. आप्पांनी तोंड वळवलं. माझ्याकडं. सवयीनं. ते धुरकट डोळे माझ्या कपाळाच्या आसपास येऊन थांबले आणि ते वाट बघू लागले, मी वही चाळून पान सांगायची.

शुभांगीही माझ्याकडंच बघत होती.

नुसतं "कुठंच न्हाई, आप्पा" एवढंच म्हणायचं होतं. पाच वर्षं मी तेच म्हणत आले होते, अनोळखी पोरींसाठी, परक्या गुरुजींसमोर, ठसक्यात. बाहेर वाजंत्री सुरू झाली. दारात कुणीतरी "नवरीला आणा" म्हणालं. मी माझ्या चपलांकडं बघत उभी राहिले.

शुभांगीनं आप्पांच्या हातातून मुकुट घेतला, फडक्यात गुंडाळला आणि डब्याचं झाकण लावलं. मग सेटमधला प्लॅस्टिकचा क्राउन स्वतःच्या हातानं डोक्यावर ठेवला आणि निघाली. त्या जानेवारीत पहिल्यांदा कुणी राजकन्येचा ड्रेस मागायला आलं, तेव्हा मी वही घ्यायला हात पुढं केला. आप्पा म्हणाले, "राहू द्या, बाई," आणि डबाच उचलून देऊन टाकला. तेव्हापासून तो मुकुट ज्याला हवा त्याला मिळतो. आता त्याचे निम्मे खडे गेलेत. लोक म्हणतात, म्हातारपणी आप्पा मऊ झाले. जूनमध्ये मी पालमच्या शाळेत नोकरी बघून खोली सोडली.

त्या तेराव्याला शुभांगी वाढत होती. माझ्या पानापाशी आली, वाकून म्हणाली, "भात वाढू का, बाई?" आणि पळी हातात धरून थांबली. माझ्या उत्तराची वाट बघत थांबली. मला तेही देता आलं नाही. ती पुढं गेली.

लग्नाच्या दिवशीच्या तिच्या त्या प्रश्नाला, कुठल्या पानावर, उत्तर होतं. पान होतं. एकच होतं, माझ्या गोल अक्षरातलं. त्यावर तळाला तिच्यासाठी एक रकाना होता, अपेक्षा नावाचा, आणि तो मी भरला होता.